थंडी, जेवण आणि एका पौंडाचे किती?

पौडच्या शाखेत शैक्षणिक कर्जाचं टेबल माझ्याकडे आल्यापासून एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आली आहे. आपल्या मुलानं परदेशी जाऊन शिकावं, असं मुळशी तालुक्यात पुष्कळांना वाटतं. तो तिथं काय शिकतो, हे मात्र कुणालाच जाणून घ्यायचं नसतं. मी पडलो बी.कॉम. माणूस. ज्या खर्चाचा हिशेब कुणी मागत नाही, तो खर्च संशयास्पद, असं आमचं शास्त्र सांगतं. तेव्हा कुणाला राग आला तरी चालेल, पण आज बोलतोच.

विलायतेतल्या मुलाला आपण तीनच प्रश्न विचारतो. जेवलास का? थंडी किती आहे? आणि एका पौंडाचे आज किती झाले? हा तिसरा प्रश्न वडिलांचा. त्याचं उत्तर शंभराच्या वर गेल्यापासून वडील ते मुलाच्या आधी पाठ करून बसलेले असतात, तरी विचारतात. दुखऱ्या दातावरून जीभ फिरवावी, तसं.

आता वडिलांचंही खरं आहे म्हणा. साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की बँका बहुधा तारण मागतात. मग घर येतं, प्लॉट येतो, आणि एरवी गुंठामंत्री म्हणून मिरवणारा माणूस माझ्यासमोर कागदाची पिशवी मांडीवर घेऊन शाळकरी पोरासारखा बसतो. त्यातून व्हिसासाठी ठरलेली रक्कम 28 दिवस खात्यात नुसती बसवून ठेवायची असते. त्या 28 दिवसांत आमच्याकडच्या काही खात्यांना जे बाळसं येतं, ते बघून डोळे निवतात. एकोणतिसाव्या दिवशी ते कुठं जातं, हे मी विचारत नाही. शिवाय तिथल्या दवाखान्यासाठी वर्षाला 776 पौंड आधीच भरायचे. म्हणजे पोरगा शिंकायच्या आधीच औषधाचे पैसे गेले! इतकं सगळं करून त्या पोराला विचारायचं काय, तर थंडी किती आहे. अहो, ती वर्तमानपत्रात येते.

माझा भाचा लीड्सला एम.एस्सी. करतो. पाच देशांची पाच मुलं एका घरात राहतात. फ्रिज एक, कप्पे पाच. सातबारा नाही, पण हद्दीवरून भांडणं अगदी आपल्यासारखी. बेसिनला तोट्या दोन. एकीतून उकळतं पाणी येतं, दुसरीतून बर्फाचं. मधलं पाणी ज्याचं त्यानं ओंजळीत तयार करायचं. जिऱ्याची फोडणी जरा चढली की छतावरचं यंत्र कोकलायला लागतं आणि पाचही राष्ट्रं पायजम्यावर रस्त्यात येऊन कुडकुडतात. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधारतं. मग दुकानात जाऊन, पिवळं लेबल लावून किंमत उतरवलेला पाव कधी निघतो त्याची वाट बघायची.

त्या घरात एक अमेरिकन मुलगाही आहे. त्याला इंग्रजी येत असल्यामुळे त्याचे जास्त हाल होतात. आपला पोरगा निदान परक्या मुलखात आलोय, हे धरून चालतो. अमेरिकनाला वाटतं, भाषा आपलीच, आता काय अडचण? मग दुकानदार नुसतं ‘ऑल राइट?’ म्हणाला की तो दचकतो, आपण आजारी बिजारी दिसतो की काय! चिप्स मागितले की गरम बटाटे येतात आणि पँटबद्दल चारचौघांत बोलला की पोरी हसतात, कारण तिकडे तो शब्द आतल्या कपड्याचा.

हे सगळं मला कसं कळलं? मी विचारलं म्हणून. घरी यातलं काहीही पोचलेलं नाही. घरी फोटो पोचतात. ट्युलिपचा फोटो, पुलाचा फोटो, पहिल्या बर्फाचा फोटो. भाचा आठवड्यातून वीस तास एका हॉटेलात ताटं विसळतो. नियमाप्रमाणे सत्र चालू असताना त्याहून जास्त कामच करता येत नाही. ताईला त्यानं ‘कस्टमर सर्व्हिस’ असं सांगितलंय. खोटं नाही ते. कस्टमरचंच ताट असतं.

माझं भांडण आहे ते इथं. आपण पोरांना खोटं बोलायला लावतो. सगळ्या सोसायटीला दाखवायचा म्हणून आपण फोटो मागतो, आणि मग त्या फोटोच्या चौकटीत जे मावत नाही ते पोरगं गिळून टाकतं. एकटेपणा गिळतं, नापास झालेला पेपर गिळतं, आणि वाईट म्हणजे जे खरोखर शिकलं तेही गिळतं. भाच्यानं पहिल्या निबंधात मास्तरांच्या पुस्तकातलीच मतं मास्तरांना साजूक तुपात परतून वाढली. आपल्याकडे यावर पहिला वर्ग मिळतो. तिकडे खाली शेरा आला: ‘हे तर माझं मत झालं. तुझं कुठं आहे?’ पोरगा रात्रभर जागा होता. “मामा, बावीस वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं हो,” म्हणाला. मला विचाराल तर सगळं कर्ज त्या एका ओळीत फिटलं. पण ही ओळ ताईला ठाऊक नाही, कारण ती बर्फाबरोबर फोटोत येत नाही.

आपल्याकडे आलेल्यांशी तरी आपण बरे वागतो का? 1962 साली वेल्समध्ये एका किल्ल्यात निरनिराळ्या देशांच्या मुलांना एकत्र शिकवणारं कॉलेज निघालं. त्याच पंथातलं एक 1997 साली आपल्या मुळशीच्या डोंगरावर आलं, महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज. तिथं सोळा-सतरा वर्षांची, देशोदेशींची पोरं येतात. पौडच्या स्टँडवर एक अमेरिकन मुलगी भेटली की आपण तिला विचारतो, वडापाव आवडतो का? तिखट लागतो का? तिकडे एक डॉलर म्हणजे किती? तेच तीन प्रश्न, फक्त थंडीच्या जागी तिखट.

कुणी म्हणेल, साहेब, आईच्या काळजीची चेष्टा करता. नाही हो. ‘जेवलास का’ हा प्रश्न आईला माफ आहे, दिवसातून एकदा. पण शिक्षणाचा जमाखर्च नुसत्या जेवणात आणि पौंडात मांडला की काय होतं, याचा पुरावा मुळशीतच आहे.

पारनेरचा एक हुशार तरुण 1904 साली शिष्यवृत्तीवर विलायतेला, एडिंबरोला इंजिनियरिंग शिकायला गेला. तिथं त्यानं ब्रिटिश राज्याविरुद्ध तोंड उघडलं आणि शिष्यवृत्ती गेली. आमच्या टेबलाच्या भाषेत सांगायचं तर बुडीत खातं. आजचा बाप असता तर त्यानं आधी विचारलं असतं, पौंड किती बुडाले? त्या तरुणाचं नाव पांडुरंग महादेव बापट. 1921 साली टाटांच्या धरणाखाली मावळ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा मुळशीच्या सत्याग्रहात तो उभा राहिला, तुरुंगात गेला, आणि लोकांनी त्याला ‘सेनापती’ केलं. धरण झालं, गावं बुडाली. पण ‘तुझं मत कुठं आहे?’ या प्रश्नाचं उत्तर त्या माणसानं आयुष्यभर दिलं. ते आमच्या कुठल्या रकान्यात बसवायचं, सांगा.

तेव्हा मुळशीत उरलेला गुंठा तारण टाकून पोराला पाठवणार असाल, तर खुशाल पाठवा. फॉर्म माझ्याकडेच मिळतात. फक्त फोनवर एक चौथा प्रश्न घाला: आज कुणाशी वाद घातलास, आणि कशावरून? पोरगा गोंधळेल, गप्प बसेल, कदाचित रडेलही. बसा जरा. फोन ठेवू नका. पौंडाचा भाव दुसऱ्या दिवशी बघता येतो.