अनुदान बिबट्याच्या नावाचं, मग पैसा विहिरीच्या कठड्याला का नाही?



वन्यजीव वाचवायला देणगीदार संस्था छोटी छोटी अनुदानं देतात. रक्कम थोडी, मुदत बहुतेक वर्षभराची. चांगलं काम आहे, माझा विरोध नाही. माझं भांडण आहे ते पैसा कुठं जिरतो यावर.

अकोले तालुक्यातला बिबट्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे, अन् तेही जंगलात नाही, उसात आणि वस्त्यांच्या कडेला. म्हणजे त्याचं घर आमचं रानच. मग तो मरतो कुठं? रस्त्यावर गाडीखाली, नाहीतर जमिनीलगतच्या उघड्या विहिरीत. रात्री कुत्र्यामागं उसातून सुटतो अन् थेट पाण्यात. सकाळी बघ्यांची गर्दी, दोरानं सोडलेली बाज, पिंजरा, वनखात्याची पळापळ. त्याच विहिरीत आमचं वासरू पडतं, कधी माणूसही.

आमच्या भागात असं एक अनुदान आलं होतं. फलक लागले, टोप्या वाटल्या, कार्यशाळा झाली, फोटो निघाले. दोन उन्हाळ्यांत फलकावरचा बिबट्या पांढरा पडला. विहिरी होत्या तशाच उघड्या.

यावर उत्तर ठरलेलं: "विहीर खाजगी मालकीची, तिथं धर्मादाय पैसा कसा घालायचा?" अहो, बिबट्या सातबारा बघून फिरतो का? त्याला वाचवायचं तर आमच्याच बांधावर यावं लागेल. गुजरातेत गीरच्या आसपास सिंह विहिरींत पडून मरत होते. तिथं शेतकऱ्यांच्या हजारो विहिरींना कठडे बांधले गेले. खाजगी मालकी आडवी आली नाही.

कठड्याला विटा, सिमेंट, वाळू आणि गवंड्याची मजुरी लागते. छोट्या अनुदानाला शोभेल असंच हे काम आहे. मोठ्या निधीची वाट बघायची गरज नाही.

म्हणून देणाऱ्यांना सरळ सांगणं आहे. एक, अर्ज मराठीत घ्या. दोन, निम्म्याहून जास्त पैसा रानातल्या कामाला आणि गावच्याच मजुरांना द्या. तीन, एका वर्षात हात झटकू नका, दुरुस्तीला तीन वर्षं थांबा. चार, हिशोब ग्रामसभेत वाचा.

आणि आपल्यालाही सांगतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि स्थानिक निधीची सोय केली आहे. किती गावांत ती समिती वर्षातून एकदा तरी बसते? विचारा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला. सहायक कृषी अधिकारी रानोरान फिरतात, त्यांनीही हातभार लावावा. गटनंबरवार उघड्या विहिरींची यादी करा, ठराव घ्या. यादी हातात असली की देणाऱ्याला फलकाचं निमित्त उरत नाही.

बिबट्या जगावा असं मलाही वाटतं. पण त्याचा खर्च माझ्या शेळीनं अन् वासरानं किती दिवस भरायचा?