'मांजर' हे उत्तरही बरोबरच!

कार्डावर मांजरीचं चित्र आहे. समोर बसलेल्या ताई विचारतात, "ये क्या है?" चार वर्षांचं मूल खणखणीत आवाजात सांगतं, "मांजर!" उत्तर अचूक, पण गुण शून्य, कारण तक्त्यात 'बिल्ली' लिहिलंय. पुढे कावळा, सफरचंद, कुलूप अशीच गेली की अहवालात ओळ येते: 'शब्दसंग्रह वयाच्या मानाने कमी.' आणि घरादाराची झोप उडते.

लखनौला बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबांवर ही वेळ येऊ शकते. घरी मराठी, शाळेत हिंदी-इंग्रजी आणि खाली खेळताना अवधी वळणाची हिंदी. अशा मुलाला एकाच भाषेच्या फूटपट्टीनं मोजलं, तर ते तोकडंच दिसणार. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या नऊ मुलांना इंग्रजी बुद्धिमापन चाचणीवरून 'मतिमंद' ठरवून वेगळ्या वर्गात बसवलं होतं. पालक कोर्टात गेले आणि १९७० साली झालेल्या तडजोडीत ठरलं, की मुलांची चाचणी त्यांच्या घरच्या भाषेतही व्हायला हवी.

फरक की अडचण?

तुमचं मूल हिंदीत 'मेरा आवाज' म्हणतं का? मराठीत आवाज पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. मराठीत 'मीने खाल्लं' म्हणतं? ते हिंदीतल्या 'मैंने'चं बोट धरून आलंय. 'बाळ'चं 'बाल' होतं? प्रमाण हिंदीत 'ळ' नाहीच. स्वतःबद्दल 'हम जा रहे हैं' म्हणतं? लखनौत तसंच बोलतात. हा सगळा भाषांचा शेजारधर्म आहे, आजार नव्हे.

खरी अडचण असेल तर ती सहसा सगळ्या भाषांत दिसते. हिंदीत अडखळणारं मूल घरी मराठीत गोष्ट रंगवून सांगत असेल, तर त्याला हिंदीचा सराव हवा आहे. मराठीतही वाक्य जुळत नसेल, तर मात्र नीट तपासणी हवी.

तपासणीला जाताना

• आधी श्रवणचाचणी करून घ्या. वारंवार सर्दी होऊन कानात पाणी साठलं, तरी बोलण्यावर परिणाम होतो.
• वाचा-भाषातज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत ना, हे विचारा.
• मूल कुणाशी, कोणत्या भाषेत, किती वेळ बोलतं ते लिहून न्या. घरी मराठीत मोकळेपणी बोलतानाचा पाच मिनिटांचा व्हिडिओही न्या.
• 'दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजाल का?' असं स्पष्ट विचारा. 'मांजर' आणि 'बिल्ली' यांपैकी एक आलं, तरी ती कल्पना मुलाकडे आहे.
• नवा शब्द शिकवून पुन्हा विचारायला सांगा. मूल पटकन शिकलं, तर आधी तो शब्द त्याच्या कानावर पडला नसण्याची शक्यता अधिक.
• तज्ज्ञांना मराठी येत नसेल तर दुभाषी लागेल. तो शक्यतो घरचा नको. आईबाबा नकळत उत्तर सुचवून जातात.

पण थांबू नका

'दोन भाषा आहेत ना, बोलेल उशिरा' ही समजूतही तितकीच धोक्याची. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडले नाहीत, किंवा येत असलेलं बोलणं कुठल्याही वयात बंद झालं, तर लगेच दाखवा. या खुणा बघताना मात्र शब्द सगळ्या भाषांतले मोजा.

आणि कुणी 'घरी मराठी बंद करा' म्हटलं, तर घाईनं ऐकू नका. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. उलट ज्या भाषेत तुम्ही मनापासून रागावता, लाड करता, गोष्ट सांगता, तिच्यातूनच मुलाला सगळ्यात जास्त बोलणं मिळतं. ती बंद केली तर हिंदी सुधारेलच असं नाही. आजीशी फोनवरच्या गप्पा मात्र नक्की तुटतील.