खिचडी कुणाला म्हणायचं?

आमचं बेळगावचं मराठी ऐकून पुण्याकडची मंडळी हसतात. "कानडी मिसळलंय" म्हणतात. म्हणून की काय, सिफुथी या भाषेबद्दल वाचायला लागलो तेव्हा मला ती परकी वाटलीच नाही.

लेसोथो हा दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेला डोंगराळ देश. त्याच्या दक्षिणेकडच्या दऱ्यांत आणि सीमेपलीकडे ईस्टर्न केपमध्ये काही हजार लोक सिफुथी बोलतात. ही बांटू कुळातली भाषा, त्यातही झुलू-खोसांच्या न्गुनी शाखेतली. सगळ्यात जवळची बहीण स्वाती. पण शेजार पिढ्यान्‌पिढ्या सोथोचा. त्यामुळे शब्द तर आलेच, स्वर उच्चारायची पद्धतसुद्धा सोथोची आली. तरी सांगाडा न्गुनीच राहिला. नावातच बघा ना: सोथो लोक 'सेफुथी' म्हणतात आणि फुथी स्वतः 'सिफुथी', सिस्वातीसारखं.

मग ती मागे का पडली? 1879 मध्ये फुथींचा राजा मूरोसी केप वसाहतीच्या फौजेविरुद्ध आपल्या डोंगरावर सुमारे आठ महिने लढला. तो मारला गेला, माणसं पांगली, जमिनीवर दुसरे येऊन बसले. आणखी एक कारण आपल्यासारख्या मिशनरी कॉलेजात शिकणाऱ्यांनी टाळू नये. 1833 ला आलेल्या फ्रेंच प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी सोथो लिपीबद्ध केली. बायबल सोथोत, शाळा सोथोत. मोरिजाच्या त्यांच्याच छापखान्यातून 1925 मध्ये थॉमस मोफोलोची 'चाका' ही गाजलेली कादंबरी आली, तीही सोथोत. काम मोठंच होतं. पण फुथी पोराला देव आणि पाटी दोन्ही शेजाऱ्याच्या भाषेत मिळाले.

वर "ही भाषा कसली, सोथो-स्वातीची खिचडी" हे आहेच. मला राग येतो तो इथं. झुलू आणि खोसातले ते जिभेचे टकटक आवाज मूळचे बांटू नाहीत, खोइसान लोकांकडून आलेत. खोसाला कोण खिचडी म्हणतं? आपलं तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का कानडीतूनच आलं, आणि ते पुण्यातही चालतं. मोठ्या भाषेनं घेतलं की समृद्धी, लहान भाषेनं घेतलं की भेसळ, असा हा हिशेब!

लेसोथोच्या 1993 च्या राज्यघटनेत सोथो आणि इंग्रजी एवढ्याच राजभाषा होत्या. अलीकडच्या घटनादुरुस्तीने सिफुथीलाही जागा मिळाली. दक्षिण आफ्रिकेच्या बारा राजभाषांत मात्र ती अजून नाही. आता पाठ्यपुस्तकं निघतील तेव्हा कुणीतरी 'शुद्ध' सिफुथीचा आग्रह धरणार, सोथो शब्द वेचून काढून स्वाती शब्द बसवणार. तसं करू नये असं मला वाटतं. घरात आजी जे बोलते तेच पुस्तकात छापा, सोथो शब्दांसकट. नाहीतर पोरं घरी एक सिफुथी बोलतील आणि शाळेत दुसरीच शिकतील, आणि त्यापेक्षा सोथोच बरी म्हणतील.