आवडता राजपुत्र आणि नावडता प्रश्न

ब्रिटिश राजघराण्यातील तुमची आवडती व्यक्ती कोणती, हा प्रश्न वरवर पाहता अगदी निरुपद्रवी आहे. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ यांचे निधन झाले. भारत सरकारने ११ सप्टेंबरला एक दिवसाचा राजकीय दुखवटा पाळला. पुढे ६ मे २०२३ रोजी तिसरे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला. या दोन्ही प्रसंगी त्या घराण्यातील माणसांच्या स्वभावाची, रुसव्याफुगव्यांची आणि आवडीनिवडींची चर्चा आपल्याकडे चवीने झाली. मोबाइलचा पडदा आता वाशीम जिल्ह्यातील मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावीही पोहोचला आहे, आणि त्याबरोबर लंडनच्या राजवाड्यातील कौटुंबिक कलहही तेथे पोहोचले आहेत. कोणाला एलिझाबेथ आवडतात, कोणाला डायना, कोणाला हॅरी.

समाजवादी कार्यकर्त्याची यावरची पहिली प्रतिक्रिया बहुधा तुच्छतेची असते. 'गुलामगिरीचा वारसा' असे म्हणून तो मोकळा होतो. ही प्रतिक्रिया सोपी आहे. पण ती पुरेशी नाही आणि न्याय्यही नाही. लोक आवडता राजपुत्र निवडतात तेव्हा ते केवळ मुकुटाच्या झगमगाटाला भुलतात असे नाही. एलिझाबेथ ज्यांना आवडतात त्यांना सत्तर वर्षे न चुकता पार पाडलेले कर्तव्य आवडलेले असते. १९८७ साली एड्सच्या रुग्णांच्या हातात हातमोजा न घालता हात देणाऱ्या डायना ज्यांच्या स्मरणात आहेत, त्यांच्या मनात करुणेला स्थान असते. जानेवारी २०२० मध्ये राजकर्तव्यांतून बाजूला होण्याचे जाहीर करणारे हॅरी ज्यांना भावतात, त्यांना घराण्याच्या दडपणापुढे न वाकणारा तरुण हवा असतो. कर्तव्य, करुणा, धैर्य हे गुण काही सरंजामी नव्हेत. लोकांची निवड चुकते ती गुणांच्या बाबतीत नव्हे. ते गुण शोधण्याच्या जागेबाबत चुकते.

मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेले हे कष्टकरी १८९० च्या सुमारापासून मुंबईकरांच्या घरचे जेवण त्यांच्या कामाच्या जागी पोहोचवत आले. नोव्हेंबर २००३ मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेट स्थानकाजवळ त्यांना भेटले. एप्रिल २००५ मध्ये त्यांच्या दुसऱ्या विवाहाचे निमंत्रण डबेवाल्यांच्या दोघा प्रतिनिधींना आले. डबेवाल्यांनीही साडी आणि फेटा असा आहेर केला. २०१८ साली हॅरी यांच्या विवाहाच्या वेळी आणि २०२३ च्या राज्याभिषेकाच्या वेळीही त्यांनी भेटी दिल्या. यावर हसणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे: या माणसांच्या श्रमाचे कौतुक करायला, त्यांच्याशी दोन शब्द बोलायला मंत्रालयातून किंवा गिरगाव-दादरच्या सुशिक्षित वस्त्यांतून किती जण आधी गेले होते? ज्याने विचारपूस केली त्याच्या घरच्या कार्याला आहेर करणे ही मराठी माणसाची रीत आहे. त्यात लाचारी नाही.

पण या कथेचा उत्तरार्धही सांगायला हवा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, उपनगरी गाड्या बंद झाल्या आणि डब्यांचा व्यवसाय एका दिवसात थांबला. अनेक डबेवाले गावी परतले, मिळेल ते काम करू लागले. राजवाड्याशी असलेल्या स्नेहाचा या संकटात उपयोग होणार नव्हता, आणि तशी अपेक्षाही चुकीची ठरली असती. उपयोग झाला असता तो बेकारी भत्त्याचा, असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा, आजारपणातील हक्काच्या मदतीचा. राजाच्या मनात आले म्हणून मिळालेला सन्मान आणि नागरिक म्हणून मिळणारा हक्क यांतील अंतर त्या काळात पुरते उघडे पडले.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर राजघराणे हे एकाच मालकाचे अनेक मालांचे दुकान आहे. कर्तव्यनिष्ठा हवी असेल त्याला राणी, दया हवी असेल त्याला डायना, सेंद्रिय शेतीची आवड असेल त्याला चार्ल्स आणि बंडखोरी हवी असेल त्याला हॅरी. गिऱ्हाइकाने कोणताही माल उचलला तरी गल्ला एकच. आवडत्या व्यक्तीची चर्चा जितकी रंगते तितका संस्थेविषयीचा प्रश्न मागे पडतो. एकाच कुटुंबात जन्मलेल्या व्यक्तीने राष्ट्राचे प्रमुखपद वारशाने का घ्यावे, हा तो प्रश्न. या संस्थेला ब्रिटिश तिजोरीतून मिळणारे अनुदान २०२४-२५ मध्ये ८ कोटी ६३ लाख पौंड होते. २०२५-२६ साठी ते १३ कोटी २१ लाख पौंड झाले. वाढीचे कारण राजवाड्याची दुरुस्ती हे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. दोन जहागिऱ्यांचे उत्पन्न याहून वेगळे. सामान्य ब्रिटिश नागरिकाच्या मालमत्तेवर ठराविक मर्यादेपलीकडे ४० टक्के वारसा कर लागतो. एका राजाकडून पुढच्या राजाकडे जाणाऱ्या मालमत्तेला १९९३ च्या व्यवस्थेनुसार तो लागत नाही. आवडत्या व्यक्तीच्या गुणवर्णनात या हिशेबाला जागा नसते.

यावर कोणी म्हणेल, हा ब्रिटिश करदात्याचा प्रश्न. मानोऱ्याच्या शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जुना आहे. १८५३ च्या तहाने निजामाने कर्जाच्या आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे सोपवला. १९०२ मध्ये तो वर्षाला २५ लाख रुपयांच्या खंडाने कायमच्या पट्ट्यावर देण्यात आला. म्हणजे वऱ्हाडचा कुणबी, बंजारा, महार, मुसलमान हा अर्धशतकभर दोन राजांच्या व्यवहारातले तारण होता आणि नंतर खंडाने दिलेल्या जमिनीवरचा रहिवासी झाला. १९३६ मध्ये निजामाचे नाममात्र स्वामित्व राखण्यासाठी त्याच्या वारसाला 'वऱ्हाडचे युवराज' हा किताब मिळाला. आवडता युवराज निवडायचाच असता तर वऱ्हाडला स्वतःचा एक युवराज होता. त्या किताबाने वऱ्हाडातील एकाही शेतकऱ्याचा सारा कमी झाला नाही.

याच वऱ्हाड-नागपूरच्या कापसावर नागपुरात एक गिरणी उभी राहिली. दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले गेले, त्याच १ जानेवारी १८७७ या दिवशी जमशेटजी टाटांची ती गिरणी सुरू झाली आणि तिला 'एम्प्रेस' हे नाव मिळाले. त्या दिवशी दिल्लीत मेजवान्या झडत होत्या आणि दख्खनपासून मद्रासपर्यंत दुष्काळ माणसे गिळत होता. आज ती गिरणी नाही, तिचा भोंगा नाही, तिच्यावर पोसलेली कामगार वस्ती पांगली आहे. त्या जागेवरच्या व्यापारी संकुलाने सम्राज्ञीचे नाव मात्र पुढे चालवले आहे.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान. बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य लादून देशभर वाहतूक करणारा हा समाज. रेल्वे आली, मिठावर सरकारी मक्ता आला आणि तांड्यांचा व्यापार मोडला. १८७१ मध्ये राणीच्याच राज्यात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. ज्या भटक्या समाजांवर त्या कायद्याची छाया पडली त्यांत बंजारेही होते. कायदा रद्द झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली. 'विमुक्त' हा शब्द आजही त्या इतिहासाची साक्ष देतो. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला जाणारी 'शकुंतला' ही अरुंद रुळांची गाडी कापसासाठी घातली गेली, आणि तिच्या मार्गाची मालकी स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे ब्रिटिश कंपनीकडेच राहिली. तेव्हा मानोरा परिसराचा ब्रिटिश मुकुटाशी संबंध छायाचित्रांतला नाही. तो मीठ, कापूस, सारा आणि कायदा यांतून आलेला आहे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. आजचे राजे या इतिहासाला वैयक्तिकरीत्या जबाबदार नाहीत. शिवाय इंग्लंड, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या देशांत राजा असूनही कामगारांची स्थिती पुष्कळ प्रजासत्ताकांपेक्षा चांगली आहे. हे मान्य करायला हवे. पण ब्रिटनमध्ये १९४८ साली सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा आली ती राजाच्या कृपेने नव्हे. मजूर पक्षाने निवडणूक जिंकली म्हणून आणि कामगार चळवळीने अनेक दशके झगडून त्यासाठी जमीन तयार केली म्हणून आली. राजघराणे ठेवायचे की नाही हे ब्रिटिश जनतेने ठरवावे. आपल्यापुढचा प्रश्न आपल्या सवयीचा आहे.

त्या सवयीवरचा उतारा महात्मा फुल्यांनी १८८८ सालीच दाखवला. २ मार्च रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट या राणीच्या मुलाच्या सन्मानार्थ समारंभ योजला होता. जमलेली मंडळी जरीची वस्त्रे आणि हिऱ्यामाणकांचे दागिने लेवून आली होती. जोतीराव तेथे गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि बोलायला उभे राहिले. या सजलेल्या लोकांवरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका, खरी प्रजा खेड्यांत आणि अस्पृश्यांच्या वस्तीत राहते, तिची स्थिती पाहा आणि तिला शिक्षण द्यायला राणीला सांगा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पाच वर्षांपूर्वी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या लेखकाने तोच हिशेब राजपुत्राच्या तोंडावर मांडला.

जोतीरावांनी राजपुत्राचा अपमान केला नाही आणि त्याची स्तुतीही केली नाही. उलट राणीविषयी त्यांच्या मनात काही विश्वास होता, हे त्यांच्या लेखनातून दिसते. तरी त्यांनी तो विश्वास आहेर म्हणून वापरला नाही, मागणी म्हणून वापरला. राजपुत्र चांगला की वाईट, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि त्याला काय दाखवले जात आहे व काय लपवले जात आहे, याकडे सभेचे लक्ष वळवले. कार्यकर्त्याने शिकायचे ते हे.

कारण राजपुत्र निवडण्याची सवय लंडनपुरती राहत नाही. १९७१ साली २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता गेली. समाजवादी चळवळीला त्याचे समाधान वाटणे स्वाभाविक होते. पण जिल्ह्याजिल्ह्यांत नवी घराणी उभी राहिली. साखर कारखाना, बँक, शिक्षणसंस्था, दूधसंघ, बाजार समिती आणि विधानसभेची जागा बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे, पतीकडून पत्नीकडे जाऊ लागली. मतदारापुढे प्रश्न ठेवला जातो तो त्यांतला 'आवडता' कोण एवढाच. थोरला बरा की धाकटा? मुलगा कर्तबगार की पुतण्या? मतदार चुरशीने भाग घेतो, निवडतो आणि गल्ला पुन्हा एकाच घरात जातो. या दोषापासून कोणताही पक्ष, आपल्याला जवळचे वाटणारेही, मुक्त नाहीत. राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला इशारा व्यक्तिपूजेच्या प्रत्येक रूपाला लागू आहे.

डॉ. राममनोहर लोहियांनी १९६३ मध्ये लोकसभेत सत्तावीस कोटी माणसांच्या रोजच्या तीन आण्यांची आणि पंतप्रधानांवर होणाऱ्या रोजच्या पंचवीस हजार रुपयांच्या खर्चाची तुलना केली. नेहरू लोकप्रिय होते, आवडते होते. त्यांच्या सौजन्याविषयी वाद नव्हता. लोहियांनी वाद हिशेबाचा केला. आकड्यांवर मतभेद झाले, तरी देशाला प्रथमच कळले की आवडत्या माणसालाही हिशेब विचारता येतो.

म्हणून मानोऱ्यात कोणी डायनाचे नाव घेतले तर कार्यकर्त्याने नाक मुरडू नये. ती का आवडते ते विचारावे. रुग्णाला हात दिला म्हणून आवडत असेल, तर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि औषध रोज असावे, ही मागणी त्याच करुणेची आहे. चार्ल्स शेतीत रस घेतात म्हणून आवडत असतील, तर २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर झाला आणि त्याच हंगामाच्या तोंडावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, कापसावरील ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवले गेले, याचा जाब कोणाला विचारायचा ते त्याच्याबरोबर ठरवावे. एलिझाबेथ कर्तव्यासाठी आवडत असतील, तर वेळेवर ग्रामसभा न घेणाऱ्या पदाधिकाऱ्याला तेच माप लावावे.

राजवाड्यात शोधलेले हे गुण तालुक्याच्या कचेरीत हक्क म्हणून मागता येतात. ती मागणी करायला शिकलेला माणूस पुढच्या निवडणुकीत घराण्याचे नाव ऐकून थांबणार नाही. तो हिशेब मागेल. त्याला आवडता राजपुत्र कोणता, हे मग त्याने खुशाल सांगावे.