तक्त्याबाहेरचे घर

अंगणवाडीच्या पडवीत टांगलेल्या काट्याच्या झोळीत बाळाला बसवावे, त्याने रडून आकांत मांडला असता सेविकेने आकडा वाचावा, आणि वाढीच्या तक्त्यावर एक टिंब उमटवून पुढच्या बाळाचे नाव पुकारावे, हा विधी गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत परभणी जिल्ह्याच्या नवही तालुक्यांत इतका अंगवळणी पडला आहे की, त्या टिंबामागे एक सबंध घर उभे असते याचे विस्मरण होणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. टिंब हिरव्या पट्ट्याखाली फार घसरले तर जादा आहार मिळतो. ते का घसरले, हे मात्र घराला कोणी पुसत नाही.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा जो अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष 2002 व 2003 साली प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर दीड-दोन महिन्यांनी सुमारे 23 टक्के माता विषादाने ग्रासलेल्या आढळल्या; दारिद्र्य व नवऱ्याची मारहाण ही त्याची प्रमुख कारणे होती, आणि मुलगी झाली असता त्यात भरच पडत असे. अशा मातांची बाळे सहा महिन्यांची होईतो कमी वजनाची ठरण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक होते. तिकडे अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉ. हॉवर्ड डुबोविट्झ यांनी अशी पद्धत घालून दिली की, बालरोगतज्ज्ञाने मूल तपासण्याआधी पालकांच्या हाती एक लहानशी प्रश्नावली द्यावी, आणि तीत घरातील अन्न, उदासी, व्यसन, जोडीदाराची मारहाण व मुलाला होणारी शिक्षा यांची चौकशी खोकल्यातापाच्या चौकशीइतक्याच सहजपणे व्हावी.

आपल्याकडे यंत्रणेची वानवा नाही. 2013 पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन जन्मजात व्यंग, आजार, पोषणद्रव्यांची कमतरता आणि विकासातील विलंब पाहतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईने 42 दिवसांत सहा वेळा व पुढे पंधराव्या महिन्यापर्यंत पाच वेळा जावे असा नियम आहे. अकरा वेळा जिचे पाय उंबऱ्याला लागतात, तिने हे प्रश्न विचारण्यास काय हरकत? शिवाय असे विचारणे शासनाला परकेही नाही. 2015 साली शेतकरी-आत्महत्यांच्या छायेतील 14 जिल्ह्यांसाठी, ज्यांत मराठवाड्याचे सारे जिल्हे आले, 'प्रेरणा प्रकल्प' निघाला तेव्हा आशांनीच दारोदार जाऊन मनःस्थितीची विचारपूस करावी, अशी तजवीज होती. शेतकऱ्याच्या मनाची चौकशी सरकारी कामात बसते हे एकदा मान्य झाल्यावर, त्याच घरातील ओल्या बाळंतिणीच्या मनाची चौकशी बसत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आत्महत्या घडल्यानंतर प्रकरण सरकारी मदतीस पात्र की अपात्र याचा खल होतो, सातबारा, कर्जाचे दाखले, पंचनामा सारे जमा होते. त्या घरातले दोन वर्षांचे मूल त्या मिसलीत कोठे बसवावे, हे कारकुनाला ठाऊक नसते, आणि त्याचा तो दोषही नव्हे.

परभणी जिल्ह्यात मात्र प्रश्न कोणाला विचारावा, हाच मोठा प्रश्न आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, ज्यांना ऊसतोडीचा धंदा माणसे म्हणून न मोजता 'कोयता' म्हणून मोजतो, पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. तान्हे मूल फडावर पाचटाच्या कोपीत, आणि जरा मोठे झालेले गावी आजीपाशी. हिवाळ्यात पथक आले तर आईबाप गैरहजर. म्हणून माझे मत असे की, पहिली चौकशी भाद्रपदात, जोडपी निघण्यापूर्वी व्हावी, दुसरी, मंडळी परतल्यावर चैत्र-वैशाखात, आणि मधल्या काळात आजीलाच पालक समजून तिला विचारावे: घरात दारू येते का, रात्री मुलापाशी कोण निजते, रेशन कोणाच्या अंगठ्यावर मिळते.

यावरचा आक्षेप खरा आहे व तो टाळण्यात अर्थ नाही. सासू शेजारी बसली असता सुनेला 'नवरा मारतो का' असे विचारणे म्हणजे माराची नवी सोय करणे होय. आणि उत्तर उघड्या नोंदवहीत लिहिले तर ते तिन्हीसांजेपर्यंत गावभर होते. त्यातही आशाताईच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक ठरतो. आणखी एक तक्ता तिच्या माथी फुकट मारणे हा शुद्ध जुलूम ठरेल. तेव्हा सबंध जिल्ह्यावर हुकूम काढण्यापेक्षा पालम किंवा सोनपेठसारखा एक तालुका घ्यावा, तेथे जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाचा वार आधी मुक्रर करावा, पीडित महिलांसाठीच्या सखी केंद्राशी बोलून ठेवावे, आणि ज्या प्रश्नाच्या उत्तराला जाण्यासाठी जागा नाही तो प्रश्न तूर्त वगळावा.

आजीला विचारले तर ती नातवाविषयी बोलण्याआधी आपल्या गुडघ्यांविषयी बोलेल. ते मधेच तोडू नये, कारण ऊस संपेपर्यंत ते मूल त्याच गुडघ्यांवर राहायचे असते.