कलमी जीप

दोन वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी. कराडहून चिपळूणकडे निघालो होतो. चिपळूणजवळ पत्नीचे माहेर आहे. जीपमध्ये आम्ही दोघे, दोन मुले, अम्मी आणि मागे सामानाच्या पिशव्या. पाटण, कोयनानगर मागे पडले आणि कुंभार्ली घाटाचा उतार सुरू झाला. एका वळणाच्या अलीकडे ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल दगडासारखे घट्ट. दाबावे तितके खाली जाईना आणि गाडीचा वेग कमी होईना. दुसरा गिअर टाकला, दोन्ही पायांचा जोर पेडलवर दिला, हँडब्रेक हळूहळू ओढत आणला आणि डोंगराकडच्या गटाराला चाक लावून गाडी कशीबशी थांबवली. अम्मी काही बोलली नाही. तिच्या हातातली तसबीह तेवढी थांबली होती.

बॉनेट उघडल्यावर कारण सापडले. बोटाएवढी जाड, हातभर लांबीची एक रबरी नळी क्लॅम्पजवळ फाटली होती.

हा प्रसंग सांगितला की बहुतेक जण म्हणतात, "सर, जुनी गाडी, दुसरे काय होणार? विकून टाका." मला ते पटत नाही. गाडी जुनी होती म्हणून ब्रेक गेला नाही. आम्ही तिच्यात केलेल्या बदलाची जबाबदारी आम्ही घेतली नाही, म्हणून गेला. आज जुन्या जीपला डिझेल इंजिन बसवून, मोठे टायर लावून लांबच्या सफरीला निघणारी तरुण मुले मी पाहतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि थोडा माझी कानउघाडणी करण्यासाठीही.

आमची जीप १९७२ची, सीजे-३बी. महिंद्राची ही जीप अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या परवान्यावर इथे तयार होत असे. आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते की ही कंपनी १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली होती. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये इथल्या कंपनीच्या नावात दुसऱ्यांदा 'महिंद्रा' आले.

या जीपमध्ये मूळचे 'हरिकेन' नावाचे पेट्रोल इंजिन होते, सुमारे २२०० सीसीचे. इंजिन दणकट, पण पेट्रोल पिण्यातही तितकेच दणकट. अब्बा तिच्यावर वडाप करायचे. पेट्रोल भरून उरेल काय, हा रोजचा सवाल होता. १९९४ मध्ये त्यांनी अपघातात निकामी झालेल्या दुसऱ्या जीपचे डिझेल इंजिन आणि चार गिअरचा गिअरबॉक्स विकत घेतला. प्यूजोच्या बनावटीचे ते २११२ सीसीचे इंजिन, महिंद्रा स्वतःच्या जीपमध्ये वापरत असे तेच. मिरजेच्या आमच्या मिस्त्रीचाचांनी ते बसवले. त्या इंजिनावर आम्हा तीन भावंडांची शिक्षणे झाली. माझे बीएडसुद्धा.

मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवत असल्यामुळे मला 'कलम' या शब्दाची गंमत वाटते. आंब्याचे कलम करतात ते एक. हातात धरून लिहितात ते दुसरे. आणि कायद्याचे कलम ते तिसरे. इंजिन बदललेली गाडी ही कलमी गाडी असते, आणि तिला उरलेली दोन्ही कलमे लागतात. आपण पहिल्यावरच थांबतो.

आंब्याचे कलम बांधले म्हणजे काम संपले असे कोणताही बागायतदार म्हणणार नाही. सांधा धरतो का, खुंटाला ते पेलते का, हे पाहावे लागते. गाडीचेही तसेच आहे. नवे इंजिन सुरू झाले की गॅरेजमध्ये पेढे वाटतात, पण खरे काम तिथून पुढे असते. कारण बाकीची सगळी गाडी पेट्रोल इंजिनाच्या हिशेबाने बनलेली असते.

ब्रेकचेच बघा. पेट्रोल इंजिन हवा ओढताना आतल्या पडद्यामुळे निर्वात ओढ तयार करते. ब्रेकचा बूस्टर त्या ओढीवर चालतो आणि पायाचा जोर वाढवतो. अशा डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर तो पडदा नसतो, म्हणून ओढही नसते. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बहुधा अल्टरनेटरच्या मागे जोडलेला. आमच्या जीपला मुळात बूस्टरच नव्हता. घाटात बरे म्हणून मी एका गॅरेजमधून तो बसवून घेतला. पंप होता, बूस्टर होता, पण दोन्हींना जोडणारी नळी त्यांनी साधी, पाण्याची लावली. व्हॅक्यूमची नळी जाड, आतून मजबूत, तेलाला टिकणारी असावी लागते. साधी नळी इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडली आणि एक दिवस फाटली. बूस्टर नसेल तरी ब्रेक लागतो, पण जोर कितीतरी पट लागतो, हे मला घाटात कळले. जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो, त्याने तेवढी साथ दिली.

गॅरेजवाल्यांची चूक होतीच. पण मी वर्षभर एकदाही त्या नळीला हात लावून पाहिले नव्हते, ही माझी.

म्हणून माझे पहिले मत असे: कलमी गाडीत ताकद वाढवण्याचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी थांबण्याची सोय, मग थंड राहण्याची, मग विजेची, आणि मग बाकीचे. तरुणांचा क्रम नेमका उलटा असतो. आधी मोठे टायर, छतावर दिव्यांची रांग, मग पंपाचा स्क्रू फिरवून 'पुलिंग' वाढवणे. टायरचा घेर दहा टक्के वाढला की मीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टने धावत असते. ब्रेकला जड चाक थांबवावे लागते, स्टीअरिंग आणि किंगपिनवर भार येतो. दिखावा वाढतो आणि घाटातली सुरक्षितता कमी होते.

थंड ठेवण्याच्या बाबतीत आपल्याकडे एक खोड आहे. इंजिन तापायला लागले की थर्मोस्टॅट काढून फेकायचा. रोग रेडिएटरमध्ये आणि ऑपरेशन थर्मोस्टॅटचे. त्याने इंजिन थंडीत नीट तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, आणि गाळाने भरलेला रेडिएटर तसाच राहतो. रेडिएटर उघडून साफ करणे, पंख्याभोवतीचे आवरण शाबूत ठेवणे, फॅन बेल्ट ताणून पाहणे आणि नुसत्या पाण्याऐवजी कूलंट वापरणे एवढे केले तरी बहुतेक तक्रारी मिटतात. तापमानाचा काटा बंद असेल तर गाडी गावाबाहेर काढू नये. हेड गॅस्केट उडाल्यावर पश्चात्ताप महाग पडतो.

विजेचा प्रकार आणखी साधा. डिझेल इंजिनाला सकाळी हीटर प्लग तापवायला आणि जड स्टार्टर फिरवायला भरपूर करंट लागतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून त्याच्यापासून चेसीला जाड अर्थिंगची पट्टी हवीच. ती विसरली की करंट दुसरी वाट शोधतो, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून. केबल का तापते म्हणून लोक महिनोन्‌महिने डोके खाजवतात.

लांबच्या सफरीआधी आम्ही आता जे करतो ते सांगतो. मागच्या उन्हाळ्यात विजापूर, गुलबर्गा, बिदर असे फिरून आलो. मुलांना गोलघुमट आणि महमूद गावानचा १४७२ चा मदरसा दाखवायचा होता. निघण्याआधी आठ दिवस गाडी खाली झोपून तपासली. इंजिन ऑइल आणि दोन्ही फिल्टर बदलले. एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या नळीला कुठे चीर नाही ना, हे बोटाने चाचपले, कारण फिल्टरच्या पुढे शिरलेली मूठभर धूळ लाइनर आणि पिस्टन खाऊन टाकते. शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस, पाट्यांचे यू-बोल्ट, इंजिनाची माउंटिंग, सायलेन्सरचे ब्रॅकेट. डिझेल इंजिनाचा हादरा जास्त, त्यामुळे वेल्डिंग तडकते आणि नळ्या-वायरी एकमेकींवर घासतात. सोबत डिझेल फिल्टर, बेल्ट, रेडिएटरचा होज, व्हॅक्यूमची नळी, क्लॅम्प, एक क्रॉस आणि पाना-पेंचिस. पंपातली हवा काढायला पत्नीलाही शिकवले. फिल्टर बदलल्यावर हवा राहिली तर इंजिन घेत नाही, आणि अशा वेळी नुसता स्टार्टर मारत बसले तर बॅटरी संपते.

ओढा ओलांडून आलो की दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्सलचे तेल बघतो. गरम अ‍ॅक्सल एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर ते त्याच दिवशी बदलायचे. ब्रीदरला नळी जोडून ती वर बॉनेटपर्यंत नेली की हा त्रास पुष्कळ कमी होतो. खर्च दीड-दोनशे रुपयांचा. माझ्या लेखी दिव्यांच्या रांगेपेक्षा हा मोठा 'अपग्रेड'.

आता कायद्याचे कलम. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनाला येईल तो बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावले आहे. अब्बांनी त्या काळी आरटीओत खेटे घालून नवा इंजिन नंबर आणि इंधन आरसीवर चढवून घेतले होते. तेव्हा आम्ही हसायचो. आज त्या एका नोंदीमुळे गाडीचा विमा उतरतो आणि फेरनोंदणी होते. तिची फी २०२२ मध्ये पाच हजार झाली होती, तरी फी मी कुरकुर न करता भरतो. भंगार बाजारातून कागद नसलेले इंजिन आणून बसवणाऱ्यांना माझा हात जोडून सल्ला आहे, करू नका. अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो, आणि ते इंजिन चोरीचे निघाले तर तुमचे म्हणणे कोण ऐकेल? आपल्या मुलांना हे जास्त स्पष्ट सांगण्याची गरज का आहे, ते वाचकांना कळते.

दुसरी गोष्ट धुराची. जुने डिझेल इंजिन वापरणाऱ्याने हा आक्षेप टाळू नये. पंप आणि नोझल वेळेवर तपासून घेतले, तर भार असताना किंचित धूर आणि एरवी जवळपास नाही, इथपर्यंत येता येते. स्क्रू पिळून काळा धूर सोडणे म्हणजे न जळलेले डिझेल मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत भरणे. आणि आज कोणी नव्याने पेट्रोल जीप डिझेल करू का असे विचारले, तर मी नको म्हणतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि स्वस्ताईचे अब्बांच्या वेळचे कारण बरेचसे संपले. ज्यांच्याकडे अशी कलमी गाडी आधीपासून आहे, त्यांनी ती नीट सांभाळावी, एवढेच माझे म्हणणे.

राहिले लिहायचे कलम. घाटातल्या प्रकारानंतर जीप मिस्त्रीचाचांकडे नेली. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, एका डोळ्याने कमी दिसते. त्यांनी विचारले, "ही नळी कधी बसवली?" मला सांगता येईना. ऑइल कधी बदलले? अंदाजाने सांगितले. ते हसले. "गाडी रोज बोलती है मास्टर, सुननेवाला होना. और सुना तो लिख के रखना."

रोज साठ वह्या तपासणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या गाडीची एक वही नव्हती. कंपनीतून आलेल्या गाडीबरोबर पुस्तक येते. कलमी गाडीला पुस्तक नसते. तिचा गिअरबॉक्स एकीचा, इंजिन दुसरीचे, बूस्टर तिसरीचा. कुठला भाग कुठून आला, कुठला बेल्ट चालतो, हे जगात एकाच माणसाला माहीत असते, आणि तो माणूस कायम राहणार नसतो.

आता वही आहे. प्रत्येक वेळी भरलेले डिझेल आणि किलोमीटर, बदललेला भाग, तारीख. सहा महिन्यांनीच तिचा उपयोग झाला. सरासरी बारावरून दहावर आलेली वहीत दिसली, आणि पुढच्या ड्रमला घासत राहिलेला ब्रेक सापडला. वहीशिवाय तो मला पुन्हा घाटातच सापडला असता.

आणखी एक वही मिस्त्रीचाचांच्या गॅरेजमध्ये आहे. नववीतून शाळा सोडलेला माझा एक विद्यार्थी तिथे काम करतो. वर्गात निबंध लिहायचा म्हटले की तो पोट दुखते म्हणायचा. आता रविवारी दुपारी चाचा सांगतात आणि तो लिहितो, अर्धे उर्दूत, अर्धे मराठीत. कुठल्या जीपला कुठला क्रॉस, कुठल्या इंजिनाला किती गॅप. शुद्धलेखन मी तपासत नाही. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, त्यासाठी त्याला बसवायचे माझ्या मनात आहे. आपल्या मोहल्ल्यांत असे हुनर पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेले, कागदावर फारसे आले नाही. हात थकले की ते जाते.

मागच्या आठवड्यात तो मुलगा वही घेऊन घरी आला होता. व्हॅक्यूमच्या नळीचे पान उघडून म्हणाला, "सर, तुमच्या जीपची नळी बदलायला दोन महिने राहिलेत."

मी माझ्या वहीत पाहिले. बरोबर होते.