उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहू?

मैत्रिणींनो, आज थोडं माझ्याच चुकीबद्दल लिहायचं आहे.

आमच्या गावात शाळेच्या वाटेवर देशी दारूचं दुकान आहे. ते तिथून हलवा म्हणून आम्ही पन्नास-साठ बायका तहसील कचेरीवर गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं. घोषणा देऊन घसे बसले. निवेदन दिलं. तेवढ्यात मोटारसायकलवरून टीव्हीचा वार्ताहर आला. हातात वाहिनीचं नाव लिहिलेला बूम, खांद्याला सॅक, शूटिंग मोबाइलवर. चांगला अर्धा तास थांबला. माझा बाइट घेतला, दोन म्हाताऱ्यांना बोलतं केलं, दुकानासमोर जाऊन शूटिंगही करून आला. आम्हाला कोण आनंद! पण निघताना तो जरा घुटमळला आणि खालच्या आवाजात म्हणाला, ''काकू, पेट्रोलचं काही होईल का?''

माझा पारा चढला. ''बातमीचे पैसे मागतोस? लाज नाही वाटत?'' असं मी सगळ्यांच्या देखत बोलले. पोरगं खाली मान घालून निघून गेलं. बातमी काही लागली नाही, ना मुंबईच्या वाहिनीवर, ना गावातल्या केबलवर. मग काय, पुढचे आठ दिवस मी भेटेल त्याला सांगत सुटले, ''हे सगळे विकले गेलेत हो!''

त्यानंतरच्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक सभासद कर्जाचा अर्ज घेऊन आली. शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. अबोल, पण हप्ता कधी चुकवला नाही. पंधरा हजार हवे होते. कारण लिहिलं होतं, 'मिस्टरांसाठी मोबाइल'. पतीचा व्यवसाय : पत्रकार. त्यापुढचा रकाना मासिक उत्पन्नाचा. तो कोरा.

''अगं, हे राहिलं की,'' मी म्हटलं.

''काय लिहू ताई? ठरलेलं नाही काही.''

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हा तोच मुलगा! पत्रकार नवऱ्याला मोबाइल कशाला, तर जुन्याचा कॅमेरा अंधारात घेत नाही आणि चित्रण स्पष्ट नसलं तर मुंबईहून बातमी परत येते. म्हणजे बघा, मुंबईत काचेच्या इमारतीत बसलेल्या वाहिनीला आमच्या तालुक्याची दृश्यं दिसावीत म्हणून कॅमेरा कोण पुरवणार? महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकणाऱ्या आमच्या गटातल्या बायका!

कर्ज द्यायचं म्हणजे हिशेब बघायलाच हवा. तिने पिशवीतून वही काढली. नवऱ्याच्या जमाखर्चाची वही तीच लिहिते. त्या महिन्यात त्याने मुंबईला २६ बातम्या पाठवल्या होत्या. लागल्या सात. पाठवलेल्या बातमीला पैसे नाहीत, लागलेल्या बातमीला तीनशे रुपये. झाले २,१०० आणि तेही तीन-तीन महिने येत नाहीत. गावातली केबल वाहिनी पगार देतच नाही. जाहिरात आणली तर त्यावर शंभराला वीस रुपये. त्या महिन्यात १५,००० च्या जाहिराती आणल्या, म्हणजे ३,००० मिळाले. एकूण जमा ५,१००. खर्चाच्या बाजूला पेट्रोल २,८०० आणि रिचार्ज ४००. हातात उरले १,९००.

कोणी म्हणेल, शिकलेला माणूस आहे, दुसरं काही बघायचं. पण आधी तुलना तर करा. २०२४-२५ साली आपल्या राज्यात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. २६ दिवस माती उपसली असती, तर साडेसात हजारांच्या वर पैसे हातात आले असते. कुदळीची मजुरी सरकार ठरवतं. बूम धरणाऱ्या हाताची कोणी ठरवायची? त्या घराचं भाडं, किराणा, मुलाची फी सगळं शिवणयंत्रावर चालतं. टीव्हीवर आपण जी बातमी बघतो, तिच्यामागे कुठेतरी एका बाईचा पाय रात्री अकरापर्यंत त्या मशीनवर हलत असतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आणि त्याच वहीत मला आणखी एक गोष्ट दिसली. जाहिरातींच्या यादीत एक नोंद होती, 'वाढदिवसाच्या शुभेच्छा, ५,०००'. पुढे नाव होतं आमच्या त्या दारू दुकानाच्या मालकाचं. मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, ''बातमी पाठवली होती त्यांनी ताई, दोन्हीकडे. केबलवाल्यांनी काढून टाकली. मुंबईला त्या दिवशी जागा नव्हती.''

आपल्याकडे म्हणतात ना, ज्याचं मीठ खावं त्याला जागावं. आता वार्ताहर मीठ कुणाचं खातो, तर वाहिनीचं नाहीच. वाहिनी त्याला फक्त नाव देते, बूम देते. मीठ खावं लागतं जाहिरातदाराचं. मग तो बिल्डर असेल, खासगी क्लासवाला असेल, नगरसेवक असेल, नाहीतर दारू दुकानदार. ज्याची बातमी करायची त्याच्याच दारात जाहिरातीसाठी उभं राहायचं, तर प्रश्न विचारायला तोंड उघडणार कसं? आणि खरं सांगायचं तर, मी त्या दिवशी दोनशे रुपये काढून दिले असते, तर मी आणि तो दुकानदार यांच्यात फरक तो काय राहिला असता? त्याचं पाकीट जाड, माझं पातळ, एवढाच. पैसे दिले नाहीत ते बरोबरच केलं. पण चारचौघांत त्या मुलाची लाज काढली, ते चुकलं. लाज वाटायला हवी होती ती त्याला बिनपगारी राबवणाऱ्यांना.

हा प्रश्न एका गावाचा नाही आणि आजचाही नाही. २००७-०८ च्या सुमारास मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या एकामागून एक सुरू झाल्या. चोवीस तास भरायचे तर बातम्या गावोगावच्या लागणार. पण गावोगाव पगारी माणूस ठेवणं परवडत नाही म्हणून आले 'स्ट्रिंगर', म्हणजे बातमीगणिक पैसे घेणारे. २००९ च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या आणि दाखवलेल्या बातम्यांचा, म्हणजे 'पेड न्यूज'चा गवगवा झाला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. वार्ताहरांनाच जाहिरातीचे एजंट करून टक्केवारीवर ठेवायची पद्धत बंद करा, त्यांना नियमित पगार किंवा ठरावीक मानधन द्या, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. इतकी वर्षं झाली, आमच्या वहीतली टक्केवारी तशीच आहे.

कायदे नव्हते असंही नाही. १९५५ साली श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला. पुढे मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये सरकारने जाहीर केल्या आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. पण हे सगळं वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरतं. टीव्हीचा वार्ताहर त्यात बसतच नव्हता. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात पत्रकाराच्या व्याख्येत टीव्ही आणि डिजिटल माध्यमंही आली आहेत आणि कामगाराला नेमणूकपत्र द्यायला हवं, असंही म्हटलं आहे. चांगली गोष्ट आहे. पण ज्याला वाहिनी आपला माणूसच मानत नाही, त्याला नेमणूकपत्र कोण देणार? आपल्या राज्याने २०१७ साली पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. तो मारापासून वाचवेल, उपासापासून नाही वाचवणार.

आता तुम्ही म्हणाल, हे त्या पत्रकारांचं दुखणं, आपण बायकांनी त्यात का पडायचं? तर ऐका.

आमच्या तालुक्यात एक वाडी आहे, गावापासून पस्तीस किलोमीटरवर. उन्हाळ्यात तिथल्या बायका रात्री दोनला उठून झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरतात. तिथे जाऊन यायचं म्हणजे दोनशे रुपयांचं पेट्रोल. बातमी लागली तर तीनशे, नाही लागली तर खिशातले गेले. उलट हायवेवरचा अपघात किंवा पुढाऱ्याचा दौरा, हे हमखास लागणार. मग सांगा, तो कुठे जाईल? वाडीतलं पाणी, आरोग्य केंद्रात रात्री नसलेली नर्स, रेशनला न लागणारा अंगठा, अंगणवाडीचं गळकं छप्पर, या आपल्या बातम्या. त्या कोणी दाबतंच असं नाही. पेट्रोलचा हिशेब जुळत नाही, म्हणून त्या जन्मालाच येत नाहीत.

दुसरं म्हणजे, या कामात मुली टिकत नाहीत. आमच्या ओळखीतली एक मुलगी पत्रकारितेची पदविका घेऊन केबल वाहिनीवर लागली होती. काय धिटाईने बोलायची! दोन वर्षांत सोडलं. रात्री-अपरात्री जायला गाडी नाही, पगाराचा पत्ता नाही आणि वर जाहिरातीसाठी हॉटेलमालकांच्या केबिनमध्ये जाऊन बसायचं. घरचे म्हणाले, नको ते. आज ती एका पतपेढीत आहे, महिन्याच्या महिन्याला पगार घेते. तिचं बरं झालं, पण आपलं काय? सासरी जाळलेल्या पोरीची आई पोलीस ठाण्याबाहेर बसलेली असते आणि तिच्यासमोर पाच बूम येतात, पाचही पुरुषांच्या हातात. ती काय सांगणार आणि किती सांगणार? तिच्याशेजारी खाली बसून, बूम बाजूला ठेवून, आधी ''पाणी प्या मावशी'' म्हणणारी मुलगी आपण पतपेढीत पाठवून दिली आहे.

तिसरी गोष्ट बोलायला कडू आहे. बिनपगारी बूमचा धाक दाखवून पैसे उकळणारेही गावोगाव झाले आहेत. शाळेत पोषण आहाराच्या खिचडीचं शूटिंग करायचं आणि मुख्याध्यापकांना म्हणायचं, ''दाखवू का?'' हे मी पाहिलं आहे. गरिबी हे त्याला निमित्त होत नाही. आमच्या त्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीच्या नवऱ्याने असं केलं असतं, तर तिला पंधरा हजारांसाठी आमच्याकडे यावं लागलं नसतं. पण जिथे सरळ माणसाला १,९०० आणि वाकड्याला हवे तेवढे, तिथे सरळ माणूस किती दिवस टिकणार? वाहिनीलाही हे माहीत असतं. पगार दिला नाही की माणूस कुठून तरी खाणार, हे न कळण्याइतकं कोणी भोळं नाही.

केबलवाल्यांची बाजूही मी ऐकली. ते म्हणतात, ''लोक आता सगळं मोबाइलवर बघतात, जोडण्या कमी झाल्या, आम्ही तरी कुठून द्यायचं?'' खरं असेल. पण धंदा मंदावला म्हणून किराणा दुकानदार नोकराला फुकट राबवत नाही. परवडत नसेल तर चारऐवजी दोनच वार्ताहर ठेवा, पण त्यांना महिन्याला ठरलेली रक्कम द्या, पेट्रोल द्या आणि जाहिराती आणायला वेगळा माणूस नेमा. एवढंच आम्ही गटातर्फे पत्र लिहून त्यांच्या हातात दिलं आहे. खाली त्रेचाळीस सह्या आहेत, सगळ्या केबलचं बिल भरणाऱ्या बायकांच्या. उत्तर अजून आलेलं नाही. आम्ही विचारत राहणार आहोत.

तुम्हीही एवढं करू शकता. बातमीसाठी पाकीट देऊ नका, मंडळाच्या खर्चात 'पत्रकार खाते' असेल तर ते बंद करा. सहा जानेवारीला दर्पण दिन येतो. बाळशास्त्री जांभेकरांचं नाव घेऊन तालुक्या-तालुक्यात पत्रकारांना शाल-श्रीफळ दिलं जातं. त्या व्यासपीठावर वाहिनीचा मालक बसलेला असेल, तर उभं राहून विचारा, ''नारळ झाला, नेमणूकपत्र कधी?''

त्या कर्जाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. गटात वाद झाला. एकजण म्हणाली, वाहिनीच्या मोबाइलला आपण का पैसे द्यायचे? मुद्दा बिनतोड होता. पण समोर बसलेली आमचीच होती. कर्ज मंजूर केलं. मग तो उत्पन्नाचा रकाना राहिला होता. तिने पेन हातात घेतलं, क्षणभर थांबली आणि नवऱ्याच्या नावापुढे एक आडवी रेघ ओढली. खाली स्वतःच्या नावापुढे लिहिलं, 'शिवणकाम, ४,५००'. हप्ता त्यातूनच येणार आहे.

तो मुलगा परवा बाजारात दिसला. मी हाक मारली, झालं गेलं ते बोलले. तो हसला आणि म्हणाला, ''राहू द्या काकू. पुन्हा मोर्चा काढाल तेव्हा सकाळी लवकर काढा. दुपारच्या आत पाठवली, तर बातमी लागायची शक्यता जास्त असते.''